बुवाची शिकवणी

उकंडरावांनी घोंगडी पांघरली, हातपाय जमिनीला टेकले आणि ते हरणासारखे हरभऱ्यात शिरले. हरीण कसं पळवून लावायचं हे ते कुत्र्याला शिकवत होते. कुत्रं बांधावर बसून, डोळे अर्धे मिटून भलतीकडेच बघत होतं.

लांब तोंडाचं, बारीक कंबरेचं हे कुत्रं त्यांनी लोणारकडच्या लमाणांच्या तांड्यावरून आणलं होतं. जात जुनीपुराणी, रानातली. हाक मारली की ते आधी विचार करायचं आणि मग यायचं नाही. म्हणून त्याचं नाव बुवा. महाराष्ट्र नुकताच झाला होता, साखरखेर्ड्याच्या शिवारात हरणांचे कळप मोकाट होते, आणि याच हरभऱ्यावर लेकीचं, कोकिळेचं लग्न व्हायचं होतं.

"काहो, लोकं पाहून राह्यले ना!" घरधनीण गोजरबाई ओरडल्या.

"पाहू दे व! शिकवल्याबिगर कसं शिकन ते?"

रोज दुपारी उकंडराव रांगत, डहाळा उपटून दाताने घाटे सोलत. पाठीवर हिवाळ्याचं ऊन, नाकाशी आंबट हिरवा वास. तिथून आभाळ केवढं मोठं दिसायचं! आपण माणूस आहोत हेच ते घटकाभर विसरायचे. अन् एका दुपारी बुवा उठला, वाऱ्यासारखा आला आणि त्याने घोंगडी धरून त्यांना आडवं केलं.

"शिकलं व गोजर, शिकलं!" पडल्यापडल्याच त्यांनी त्याला अख्खी भाकर दिली.

पुढच्याच आठवड्यात चिखलीचे हिंमतराव आपल्या मुलासाठी कोकिळेला बघायला शेतावरच आले. थंडी होती, अंगावर घोंगडी होती. हरभऱ्याच्या दिवसांत आमच्याकडे पाहुणा डहाळा न उपटता शेतातून गेला, तर त्याला गर्विष्ठ म्हणतात. हिंमतराव भले गृहस्थ. ते वाकले.

बुवा भुंकलासुद्धा नाही. हिंमतराव आडवे झाले आणि बुवा त्यांच्या घोंगडीचं टोक दातात धरून बसला.

"उकंडराव, हे काय पाळलं हो तुम्ही?"

"हालू नका, हिंमतराव!"

"हालून कुठी राह्यलो मी?"

पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, खरी हरणं चरत होती. बुवाने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्यांच्याविषयी त्याला कोणी काही शिकवलंच नव्हतं.

गोजरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेतातल्या झोपडीच्या दारात कोकिळा नवं लुगडं नेसून उभी होती. तिचं उतरलेलं तोंड उकंडरावांना बघवेना. त्यांनी आपली घोंगडी ओढली, पाहुण्यासमोर चार पायांवर आले, दाताने एक डहाळा उपटला आणि उधळले. बुवा हिंमतरावांना सोडून त्यांच्यामागे लागला.

हिंमतराव उठले. धोतर झटकलं. बराच वेळ ते धावणाऱ्या घोंगडीकडे बघत राहिले.

"विहीणबाई," ते अखेर म्हणाले, "व्याह्याले बोलवा आता. लेकीपायी चार पायावर धावते, असा मानूस मले अख्ख्या चिखलीत दिसला नाई."

गोजरबाईंनी हाका मारमारून घसा बसवून घेतला. पण व्याही पार धुऱ्याजवळ हरभऱ्यात उताणे पडले होते. घोंगडीच्या टोकावर बुवा डोळे मिटून बसला होता आणि हरणं दोघांच्या भोवती निवांत चरत होती. उकंडरावांनी हाका ऐकल्या. त्यांनी आधी विचार केला, आणि मग ते गेले नाहीत.