चौतीस मिनिटांची माफी

धावण्यात नशिबाचा काही संबंध नसतो, असं मी पूर्वी ठामपणे सांगत असे. गेली अकरा वर्षं मी गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नळाच्या पाण्यात क्लोरीन कमी पडलं तर त्याला कारण असतं आणि ते सापडतं. पाय हे त्या मानाने फारच सोपं यंत्र. म्हणून आमच्या नदीकाठच्या आळीने यंदा मला पट्ट्याच्या शर्यतीत तिसरा टप्पा दिला, तेव्हा मी एक आलेख काढला. आडवे आठवडे, उभी मिनिटं. रेषा सावकाश उतरत शर्यतीच्या दिवशी बरोबर सत्तावीसवर टेकत होती. तो मी फ्रिजवर लावला आणि संघातल्या प्रत्येकाला एकेक प्रत दिली. हे शेवटचं केलं नसतं तर बरं झालं असतं.

पाच जण, पाच टप्पे. निळा कापडी पट्टा खांद्यावरून तिरका घालून धावायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. पट्टा बदलायच्या ठिकाणाहून पहिला संघ निघून वीस मिनिटं झाली की पंच थांबत नाहीत, कारण रस्ता गाड्यांना मोकळा करायचा असतो. तुमचा माणूस वळणावर दिसत असला तरी पुढच्याला कोरा पांढरा पट्टा घालून सोडून देतात. याला म्हणतात पट्टा तुटणं. आमचा सव्वीस वर्षांत तुटलेला नाही. डोंगराकडच्या आळीचा नऊ वर्षांपूर्वी तुटला, आणि तेव्हा तिसरा टप्पा धावलेल्या माणसाचं नाव लोक अजून आवाज खाली करून घेतात.

आम्ही काही वेगवान नाही. गेल्या वर्षी तिसरा टप्पा सत्तावीस मिनिटांत होऊनही पट्टा पोचला तेव्हा सहाच मिनिटं उरली होती. म्हणजे मला चुकायला सहा मिनिटं होती. एवढी पुरे, असं मी कप्तानांना म्हणाले होते.

शर्यतीच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी सराव होता. आमचे कप्तान त्सुबोउची तोफू बनवतात, वय अडुसष्ट. ते घड्याळ घेऊन उभे होते. पहिला किलोमीटर आलेखाप्रमाणे झाला. दुसऱ्यात पाय भिजत घातलेल्या सोयाबीनसारखे फुगले. देवळाच्या चढावर माझा श्वास आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या पंपासारखा वाजू लागला. कांद्याच्या पातीची जुडी घेतलेल्या एक आजी तिथून चालल्या होत्या. मला बघून बाजूला झाल्या.

"पुढे जा हं तू. मी हळू चालते."

मला पुढे जाता येईना. आम्ही दोघी बराच वेळ बरोबर होतो. शेवटी त्यांनाच संकोच वाटून त्या एका गल्लीत वळल्या.

"चौतीस," कप्तान म्हणाले.

पट्टा माझ्याकडून घेणारा हागिवारा हा आळीचा न्हावी. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असतो तेव्हाही त्याचं तोंड बंद नसतं. तो म्हणाला, "चिहारू, आलेख उलटा तर नव्हता धरलास?"

"गप रे," कप्तान म्हणाले. "होतं असं. एखाद्या दिवशी पाय घरीच राहतात. भात खा, झोप काढ, विसरून जा."

त्यांच्या पत्नी किनुए, ज्यांना आम्ही सगळे आदराने किनुएसान म्हणतो, चहा देत होत्या. मला कप देताना त्या क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

आता 'विसरून जा' हे काही कारण नव्हे. एका मोजणीवर आम्ही निष्कर्षही काढत नाही, तीन लागतात. मंगळवारी एकटीने तोच टप्पा धावले, पस्तीस. गुरुवारी, साडेछत्तीस. मधल्या काळात मी बुटांचं वजन केलं, मोज्यांची जाडी मोजली, वाऱ्याची दिशा आणि सकाळचा भात ग्रॅममध्ये लिहून ठेवला. सगळं ठीक होतं. बिघडलेला एकच घटक उरला, तो म्हणजे मी. माझ्यामुळे सव्वीस वर्षांचा पट्टा तुटणार होता, तोही साडेतीन मिनिटांनी.

तेव्हा शनिवारी मी रीतीप्रमाणे मिठाईचा डबा घेतला, चांगला कागदात बांधलेला, आणि कप्तानांच्या दारात जाऊन दोन्ही हातांनी पुढे केला.

"तुम्हाला सगळ्यांना फार त्रास दिला," मी म्हणाले आणि वाकले.

किनुएसाननी डबा घेतला. त्यांचे डोळे भरून आले. "अगं, इतक्यात?" असं काहीसं पुटपुटल्या. काय इतक्यात, ते मी विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही. आमच्याकडे अशा वेळी खोदून विचारणं बरं दिसत नाही.

रविवारपासून लोक माझ्याकडे येऊ लागले. किनुएसान कांद्याच्या पातीत परतलेली कलेजी घेऊन आल्या. "सगळी संपव," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी परत तीच. हागिवाराने शिंपल्यांचं सूप आणलं आणि चक्क विनोद न करता गेला, तेव्हा मला जरा भीती वाटली. दारात धावायचे बूट घातलेली दिसले की शेजारीण खिडकीतून ओरडायची, "आत जा बाई, आत जा!" मला वाटलं, चौतीस मिनिटांचा राग लोक फार सभ्यपणे काढताहेत. टोमणा म्हणून मी कलेजी निमूट खाल्ली. दहा दिवस खाल्ली. धावायला बाहेर पडायची लाज वाटत होती, म्हणून नऊ वाजता झोपत होते.

शर्यतीला चार दिवस असताना सकाळी कामावर जाताना नदीकाठी कप्तान दिसले. गुडघ्याला जाड पट्टा, अंगात संघाची बनियन, आणि ते धावत होते. म्हणजे एक पाय धावत होता, दुसरा मागून ओढला जात होता.

"कप्तान! हे काय चाललंय?"

"तिसरा टप्पा," ते कठड्याला धरून म्हणाले. "कुणीतरी धावायला हवं ना तुझ्या जागी."

"का? मी कुठे चाललेय?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "डबा दिलास ना तू."

"तो माफीचा होता! चौतीस मिनिटांबद्दल!"

"माफीचा?" ते खाली बसले. "अगं, माफीला लोक साधी बिस्किटं देतात. तू चेस्टनटची मिठाई आणलीस. एवढी चांगली मिठाई माणूस सोडून जातानाच देतो. शिवाय किनुएने त्या दिवशी चहा देताना काहीतरी पाहिलं म्हणे. काय ते मला सांगेना, नुसती रडते. म्हणाली, आजार मोठा आहे, पोरीला त्रास देऊ नका."

"मला काहीही झालेलं नाही."

"मग धावून दाखव. मला उठवून बसमध्ये बसव, आणि मग धाव."

मी ऑफिसच्या कपड्यांत तिथून देवळापर्यंत धावले. चढ संपला तरी पंप वाजला नाही. कप्तानांचा गुडघा मात्र कलिंगडाएवढा झाला.

शर्यतीच्या दिवशी ते स्टुलावर बसून होते. पहिला संघ यंदा फारच वेगाने गेला, आमचा दुसरा धावक वाटेत घसरला, आणि पट्टा माझ्या हातात आला तेव्हा चुकायला काहीच उरलं नव्हतं. मी आलेख विसरले. शेवटच्या वळणावरून दिसलं, पंचाने पांढरा पट्टा उलगडून हागिवाराच्या डोक्यावर धरला होता, आणि हागिवारा मान वाकडी करून तो चुकवत होता. वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकं करतात तशी. मी निळा पट्टा त्याच्या हातात कोंबला. अकरा सेकंद उरले होते.

"हे अकरा सेकंद आलेखात कुठे होते गं?" तो पळता पळता ओरडला.

सत्ताविसावं वर्षही पार पडलं. कारण मात्र सापडलं नव्हतं, आणि ते मला खुपत होतं.

ते सोमवारी टपालाने आलं. रक्तदान केंद्राचं कार्ड होतं, तपासणीचे निकाल आणि आभार. तारीख होती सरावाच्या आदल्या शनिवारची. नगरपालिकेसमोर गाडी उभी होती, मी चारशे मिलिलिटर रक्त दिलं होतं, सफरचंदाचा रस प्यायले होते, आणि 'काही दिवस दमणूक करू नका' यावर जाणकारासारखी मान डोलावली होती. रविवारी कोपरावर चौकोनी पट्टी घेऊन मी चहा घ्यायला हात पुढे केला होता. किनुएसाननी चुकीचा आजार ठरवून अगदी बरोबर औषध दिलं होतं: कलेजी, रक्त भरून काढायला. मी नोंदवही उघडली. त्या शनिवारपुढे माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'पूर्ण विश्रांती.'

हे सांगायला हवंच होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेत डबा घेतला.

दार किनुएसाननी उघडलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या दोन्ही कोपरांकडे.

"अहो," त्या आत वळून म्हणाल्या, "चिहारू आलीय. डबा घेऊन."

आत चहाचा कप खाली ठेवला गेला. मग कप्तानांचा आवाज आला, "आधी बघ, मिठाई कुठली आहे."

दुकानात त्या दिवशी चेस्टनटचीच उरली होती.