निवटी, नग दहा

घाण आधी की कायदा आधी, हा प्रश्न कोंबडी-अंड्याइतका अवघड नाही. घाण आधी. पण ती घाण आहे हे कायदा झाल्यावरच कळतं. तोपर्यंत तो नुसता वास असतो. हे सत्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. पर्यावरण सांभाळणाऱ्या एका खात्यात बावीस वर्षं बारनिशी सांभाळताना, म्हणजे आलेल्या कागदाला आवक नंबर आणि गेलेल्या कागदाला जावक नंबर देताना, ते आपोआप अंगात मुरलं. (खात्याचं नाव मधल्या काळात तीनदा बदललं आणि रबरी शिक्का चारदा, कारण तिसरा उलटा कोरून आला होता. म्हणून इथे नुसतं 'खातं' म्हणतो.)

आता उदाहरण घेऊ. बोईसरच्या कारखान्यांना लागून, उमरोळीच्या अंगाला एक पाडा आहे. पंधरा-वीस घरं, खाली ओहोळ. प्यायचं पाणी, आंघोळ, गुरं आणि कालवणापुरते मासे, एवढं सगळं हा पाडा एकाच ओहोळावर भागवत असे. नियोजनाच्या दृष्टीने हे फारच मागासलेलं होतं. बहात्तरच्या सुमारास ओहोळाच्या वरच्या अंगाला कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना आला आणि ओहोळ सोमवारी लाल, गुरुवारी निळा आणि रविवारी, सुट्टी असल्यामुळे, पाण्याच्या रंगाचा वाहू लागला. पाड्यातल्या झिपरूची बायको तानी दारातूनच वार सांगू लागली. पाड्यात तोवर कॅलेंडर नव्हतं, तेव्हा ही प्रगतीच म्हणायची. मासे मात्र उताणे होऊन वाहत आले. ते प्रदूषणाने मेले असं म्हणता येणार नाही, कारण कायदा यायचा होता. ते आपले असेच मेले.

चौऱ्याहत्तर साली देशाचा पाण्याचा कायदा झाला. दिल्लीहून आमच्या टेबलापर्यंत यायला त्याला काही वर्षं लागली, पण आला. झिपरूने माकुणसारच्या एका मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. अर्ज एका ओळीचा होता : 'आमच्या ओहोळाचे पाणी पूर्वी होते तसे करून द्यावे.' मी त्याला आवक नंबर दिला. आमचे साहेब पाहणीला गेले. जाण्याआधी आठ दिवस कारखान्याला पत्र धाडलं होतं, कारण न सांगता कुणाच्या घरी जाणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. त्या दिवशी ओहोळ इतका स्वच्छ होता की साहेबांनी त्यात तोंड धुतलं. शेरा : तक्रारीत तथ्य नाही.

एक्क्याऐंशी साली हवेचा कायदा झाला. झिपरूचा दुसरा अर्ज 'आपला विषय पाण्याचा आहे, सध्या हवेचे काम चालू आहे' असं लिहून परत गेला. शहाऐंशी साली पाणी, हवा, जमीन सगळ्यांना एका पोटात घेणारा मोठा कायदा झाला. त्यावर झिपरूचा तिसरा अर्ज आला. कायदा आता सगळ्यालाच लागू असल्याने नेमकी कशाबद्दल तक्रार आहे ते कळवावे, असं आम्ही उलटटपाली कळवलं. हा माणूस चिकाटीचा होता, हे मी मानतो.

या मोठ्या कायद्यापाठोपाठ जे नियम आले, त्यांतली एक ओळ वाचून माझे डोळे भरून आले होते. कारखान्याच्या सांडपाण्यात, एक थेंबही चांगलं पाणी न मिसळता, मासे सोडायचे. शहाण्णव तासांनी शेकडा नव्वद जिवंत पाहिजेत. म्हणजे चार दिवस, दहा मासे, नऊ जिवंत. (दहाव्याबद्दल काही म्हटलेलं नाही. मोठे कायदे बारीकसारीक गोष्टींत शिरत नाहीत.) मासा कोणता घ्यायचा तेही लिहिलेलं असणार, पण आमच्या प्रतीचं ते पान नेमकं खालून फाटलेलं होतं.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत पंढरी नावाचा मदतनीस होता. संगमनेरकडचा, गळ्यात माळ, जन्मात मासा हातात धरलेला नाही. त्याला जिवंत मासे आणून देऊ शकेल असा जवळचा माणूस एकच निघाला : झिपरू. अशा रीतीने तक्रारदारालाच तपासणीत सामावून घेण्यात आलं. 'लोकसहभाग' हा शब्द पुढे फार गाजला. आम्ही तो गाजण्याआधीच अमलात आणला होता. मोबदला म्हणून दर परीक्षेमागे कारखान्याचा एक रिकामा निळा ड्रम ठरला. ड्रमवर कवटी छापलेली होती, पण झाकण घट्ट बसत असे.

झिपरूला आनंद झाला तो ड्रमचा नव्हे. तो तानीला म्हणाला, "बघ आता. मासा मरंल, सायेब कागदावर लिवंल, न् कारखाना बंद. आपला व्हळ आपल्याला."

पहिले दहा मासे त्याने कारखान्याच्या वरच्या अंगाच्या ओहोळातून आणले. चाळीस मिनिटांत सगळे गेले. शेरा : मासे प्रवासाने खचलेले असावेत, परीक्षा पुन्हा घ्यावी. दुसरे दहा उमरोळीच्या तळ्यातले. ते दोन तास टिकले. पाण्याच्या दर्जात तिप्पट सुधारणा झाल्याचं आम्ही वर कळवलं. पण नियम तो नियम. मॅनेजरने पंढरीला तिसऱ्यांदा नापास झालं तर गावी जायची तयारी ठेव म्हणून सांगितलं.

पंढरी झिपरूच्या पाया पडायचाच बाकी राहिला. "झिपरूभाऊ, दोन पोरी हायेत मला. जरा टणक मासा आणा राव."

"टणक म्हंजे सुका," झिपरू म्हणाला. "सुका बोंबील टाका. तो काय केल्या मरत नाय."

पंढरीने ही सूचना प्रामाणिकपणे वर सांगितली आणि मॅनेजरने ती लेखी आमच्याकडे पाठवली. सुका बोंबील परीक्षेच्या सुरुवातीस जिवंत असल्याचा दाखला जोडल्यास विचार करता येईल, असं उत्तर आम्ही दिलं. असा दाखला द्यायला कोणी डॉक्टर तयार होईना.

इथे झिपरूची चूक झाली. त्याला पंढरीची दया आली. तो माहीमकडच्या (मुंबईतल्या नव्हे, आमच्या बाजूच्या) खाडीच्या चिखलात उतरला आणि दहा निवट्या घेऊन आला. निवटी हा बोटभर मासा. डोळे डोक्यावर, ओहोटीला चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, अंग ओलं राहिलं की त्याचं पाण्यावाचून अडत नाही. टाकीत सोडल्याबरोबर निवट्यांनी पाण्याचा एक अनुभव घेतला, काच चढून त्या वरच्या काठावर गेल्या आणि चार दिवस तिथेच बसून राहिल्या. नियमांत न बसणारी ती दहावी दुसऱ्या दिवशी पाय घसरून आत पडली. बाकी नऊ. कारखाना पास.

मासे पाण्याला शिवलेच नाहीत, अशी शंका आमच्याच एका नव्या कारकुनाने काढली. साहेबांनी तिचा निकाल दोन वाक्यांत लावला. मासे टाकीत आहेत, आणि टाकीत पाणी आहे. त्या कारकुनाची बदली झाली आणि पाठोपाठ परिपत्रक निघालं : यापुढे प्रमाणित मासा निवटी, नग दहा, अन्य मासा ग्राह्य नाही. पाच वर्षांत अठरा परीक्षा झाल्या, अठरा पास. पाण्याचा दर्जा सुधारायला पैसा लागतो; माशाचा दर्जा झिपरूने नुसत्या टोपलीवर सुधारून दिला. पाड्यात जवळजवळ घरटी एक निळा ड्रम झाला.

तानीने आपल्या वाट्याचा ड्रम घरात घेतला नाही. "तू मासा नाय आनला," ती नवऱ्याला म्हणाली, "तू त्यांच्या कागदावर अंगठा दिला."

"मी नाय आनला त दुसरा कोनी आनंल."

"मंग आनू दे दुसऱ्याला. व्हळ दुसऱ्याचा नाय, आपला हाय." त्यानंतर ती त्याच्याशी भाताची कापणी होईपर्यंत बोलली नाही.

त्र्याण्णव साली मुंबईहून मोठे साहेब स्वतः परीक्षा बघायला आले. चौथा दिवस, शेवटचा तास. मी नोंदवही घेऊन उभा होतो. त्या दिवशी दहाच्या दहा निवट्या काठावर बसलेल्या होत्या. शेकडा शंभर! मॅनेजरने पेढे मागवून ठेवले होते. तेवढ्यात झिपरूच्या मागोमाग तानी आत आली. ती टाकीपाशी गेली आणि तिने बराच वेळ त्या निवट्यांकडे पाहिलं.

"सायेब," ती म्हणाली, "यो मासा पान्यात कदी जायाचा?"

"बाई, तसं नियमात नाही," मोठे साहेब सौम्यपणे म्हणाले.

तानीने बोट लावलं आणि एक निवटी आत ढकलली. ती पुन्हा काच चढू लागली तशी बोटानेच खाली धरली. साडेतीन मिनिटं लागली. घड्याळ माझ्याकडे होतं. मग तिने बोट काढलं आणि निवटी उताणी झाली.

नऊ राहिल्या. पास होण्यापुरत्या बरोबर नऊ. तानीला मोजता येतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचं बोट दुसऱ्या निवटीकडे सरकलं. ती आत गेली की आठ, आणि आठ म्हणजे नापास, तेही मोठ्या साहेबांच्या डोळ्यांदेखत. मॅनेजरने हातातला पेढा खाली ठेवला. पंढरीने डोळे मिटून माळ धरली.

आणि झिपरूने तिचं मनगट पकडलं. "आसू दे तानी," तो म्हणाला. "तिचा काय गुन्हा?"

तानीने हात सोडवून घेतला नाही. ती तिथेच उभ्याउभ्या रडली. मला फार वाईट वाटलं. नोंदवहीत तसा रकाना नसल्यामुळे ते आज इथे लिहितो.

एवढ्यात शहाण्णव तास भरले. दहापैकी नऊ जिवंत. मृत माशाच्या नावापुढे 'मृत्यूचे कारण' या रकान्यात काय लिहावं हे कोणाला सुचेना, तेव्हा मी लिहिलं : बोट. मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. तानीला परीक्षेत अडथळा आणल्याबद्दल खात्याची नोटीस गेली. बावीस वर्षांत आमच्या बारनिशीतून त्या कारखान्याच्या प्रकरणात गेलेली ती एकमेव नोटीस, आणि तिचा जावक नंबर मला अजून पाठ आहे.

आता शेवटचं, वाचकहो. झिपरूने मनगट धरलं आणि दुसरी निवटी वाचली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं. नाही म्हणू नका, मलाही वाटलं होतं. पण पाडा प्यायचं पाणी त्याच ओहोळातून घेत असे, हे मी अगदी सुरुवातीला लिहिलं होतं. मग ही वीस वर्षं तानी प्यायचं पाणी आणते कुठून, हे मी पुढे कुठेच लिहिलेलं नाही. मी बारनिशीतला माणूस, विचारल्याशिवाय सांगायची सवय नाही. तुम्ही इथवर वाचलंत, माझ्याबरोबर मासेही मोजलेत, आणि विचारलं नाहीत. तेव्हा काठावर बसून पास झालेल्या त्या नऊंत तुम्हालाही धरायला खात्याची हरकत नाही.