अर्धस्फटिकी चाकं

इस्पितळातल्या लिफ्टच्या दाराची दोन चाकं झिजली, ही काही आभाळ कोसळण्यासारखी गोष्ट नव्हती. देखभालीच्या इंजिनिअरने नुसतं 'नायलॉनची चाकं' मागितली असती तर भागलं असतं. पण खुबा मोडलेली त्याची आई तिसऱ्या मजल्यावर होती आणि ऑपरेशन तळमजल्यावर व्हायचं होतं. मागणीला वजन यावं म्हणून त्याने लिहिलं: 'अर्धस्फटिकी प्लास्टिकची चाकं. तेलाशिवाय फिरणारी, न गंजणारी.' तिथेच माशी शिंकली.

खरेदी अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अर्धस्फटिकी? म्हणजे अर्धवट?"

"नाही साहेब. त्यातले काही रेणू शिस्तीत बसतात, काही मोकळे राहतात. शिस्तीमुळे प्लास्टिक भार सोसतं, मोकळीक असल्यामुळे तडकत नाही."

"म्हणजे निम्मे कामचुकार," साहेब समजुतीने म्हणाले. "अहो, उद्या चौकशी लागली तर उत्तर कोण देणार, तुमचे मोकळे रेणू?"

"पण साहेब, माझी आई..."

"म्हणून तर. आईसाठी अर्धवट माल घ्याल?"

समिती बसली. तिने पूर्णस्फटिकी चाकं मागवली. पुरवठादार वस्ताद होता. त्याने खऱ्याखुऱ्या स्फटिकातून दोन चाकं कोरून मखमली पेटीत पाठवली. साहेबांच्या हस्ते बटण दाबलं गेलं, दार वीतभर सरकलं आणि चाकांचा चक्काचूर झाला.

समिती पुन्हा बसली. तिचा निष्कर्ष असा: चाकं नियमानुसार निर्दोष होती, दोष दार हलण्याचा होता. सबब यापुढे दार हलवू नये. संध्याकाळपर्यंत पाटी लागली: 'लिफ्ट चालू आहे. दार उघडू नये.'

ऑपरेशन आणखी लांबवता येईना. आईला स्ट्रेचरवर बांधून चौघांनी जिन्याने उतरवलं. उशाकडची बाजू इंजिनिअरने धरली होती. प्रत्येक वळणावर ती कळवळायची.

दुसऱ्या मजल्यावर तिने मान वळवली. "अरे, लिफ्ट चालू आहे असं लिहिलंय ना तिथे?"

"हो आई. चालू आहे."

"मग?"

"पायरी सांभाळा," तो पायांकडच्या दोघांना म्हणाला.

वर येणारी माणसं वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली. सगळ्यांनीच पाटी वाचली होती. कुणीतरी "बिचारी" म्हणालं. त्या गर्दीत तुम्हीही होतात. पाटी वाचून तुम्ही हसलात, आता हसलात ना, अगदी तसेच, आणि मुकाट्याने जिना चढू लागलात.