कापगते भाऊजींचे पंप

कापगते भाऊजी आमच्या दारात आले की आधी वाकायचे. पाया पडायला नाही. दाराशी आमच्या ह्यांची सायकल टेकून ठेवलेली असायची, तिच्या मागच्या चाकावर अंगठा दाबायला. अंगठा दाबायचे, मान वाकडी करायचे, डोळे मिटायचे, वैद्य नाडी बघतो तसे. मग पुढचं चाक. तोवर दार उघडलेल्या माणसानं तसंच उभं राहायचं, चुलीवर दूध उतू जात असलं तरी. दोन्ही चाकं झाली की कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचे आणि म्हणायचे, "पहिले हवा, मंग गोष्ट. रामराम वहिनी." गोष्ट म्हणजे तिकडे बोलणं.

ही भिलाईची गोष्ट आहे, कारखाना उभा होत होता तेव्हाची. आता सेक्टरांमध्ये एवढी झाडं झालीत की सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा सावली म्हणून नव्हती. लाल मुरूम, क्रेनांचे सांगाडे आणि धूळ. भांडी घासून पालथी घालावीत, तर तासाभरात त्यांच्यावर बोटानं नाव काढता यावं. माझ्या कडेवर सहा महिन्यांची पोर, अंगात दर पंधरवड्याला हिवताप, आणि नळाला पाणी सकाळचा एक तास. त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं म्हणाल तर थकवा. झोपून उठले तरी मी दमलेलीच असायची. तेव्हा भाऊजींची ही गोष्ट एका दमलेल्या बाईनं पाहिलेली आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

भाऊजी शेजारच्या क्वार्टरात एकटे राहायचे. साकोलीकडचे, धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, उठून आलेले. कारखान्यात खलाशी होते. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. लोखंडाच्या अजस्र तुळया साखळदंडांनी वर चढवणाऱ्या टोळीला तिकडे खलाशी म्हणत. खांदे असे की आमच्या दारातून आत यायला त्यांना तिरपं व्हावं लागे. आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या काखेत रोज संध्याकाळी एक पंप असायचा. सायकलमध्ये हवा भरायचा पंप. दर आठ-पंधरा दिवसांनी नवा, म्हणजे कोणाचा तरी जुना, मागून आणलेला.

आता पंपाचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण पाळी सुटली की गेटातून हजारोंनी सायकली निघायच्या, आणि रस्ता म्हणाल तर तारांचे तुकडे, खिळे, लोखंडाचे छिलके यांनी भरलेला. हवा घालवून न बसलेला माणूस विरळा. पंक्चरवाले सगळे तिकडे लांब, पावर हाउस नावाच्या वस्तीच्या बाजारात. मग ज्याला जे सुचेल ते तो करी. कोणी सायकल खांद्यावर घेई, कोणी टायरमध्ये भाताचा पैरा, म्हणजे पेंढा, कोंबून घर गाठी. भाऊजींनी तोही करून पाहिला होता. "घर येते वहिनी," ते म्हणाले, "पण माणूस सायकलीवर आला का दगडाच्या बैलबंडीत आला, ते समजत नाही."

पंप घेऊन आले की अंगणात सायकल उभी करायची, चाकातली हवा सोडून द्यायची आणि मला हाक मारायची.

"वहिनी, मारा बरं जराशी हवा."

"मी?"

"तुमीच. मी मोजतो."

पहिल्यांदा मला गंमत वाटली. चौकटीला अडकवायचा बारका पंप होता तो. साठ-सत्तर झटक्यांनी चाक अर्धं फुगलं, आणि मग त्याचा दट्ट्या काही केल्या दबेना. भाऊजी जमिनीवर बसून मोजत होते. मी थांबले तशी त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि उदास चेहऱ्यानं म्हणाले, "हा फेल." मग तोच पंप घेऊन स्वतः दणादण झटके मारले आणि चाक दगडासारखं केलं. मला वाटलं, हा माणूस मला हिणवायला आला आहे.

मग उभा पंप आला, तळाच्या पट्टीवर दोन पाय ठेवून लाकडी मूठ दाबायचा. त्याला माझी उंची पुरेना आणि दंडात जोर पुरेना. तोही फेल. मग कोणाचा तरी फुटबॉलचा पंप आणला. मी म्हटलं, "भाऊजी, यानं चेंडू फुगन, चाक कसं फुगन?" ते म्हणाले, "पाहाले काय जाते?" जायचं ते माझ्या मनगटाचं गेलं, दोन दिवस पोळी लाटता आली नाही.

आमचे हे खाटेवर बसून हसायचे. "कापगते, यवढी हवा तं तुमच्या भट्टीलेही लागत नसन. आन् स्वतः कावून नाही मारत? माही बायको कावून?"

भाऊजी मान खाली घालून म्हणायचे, "माह्या हातानं समजत नाही, साहेब." आमचे हे साहेब नव्हते, साधे कारकून होते, पण भाऊजी पँट घालणाऱ्या प्रत्येकाला साहेब म्हणायचे.

सोड्याचा प्रकार तर सांगायलाच हवा. पावर हाउसला एक सोडावाला होता, त्याच्याकडे बाटल्यांत गॅस भरायची टाकी होती. भाऊजींच्या डोक्यात आलं की याला हात लावायचं कामच नाही, चावी फिरवली की चाक भरलं. ते सुट्टीच्या दिवशी चाक खांद्यावर टाकून त्याच्याकडे गेले. त्यानं आधी नाही म्हटलं, मग त्यांचे खांदे बघून हो म्हटलं. भाऊजी परत आले ते नवरदेवासारखे. टायर टणक. सगळ्या ओळीला अंगठा दाबायला लावला. मलाही. म्हणाले, "एक झटका नाही मारला, वहिनी. एक नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी चाक जमिनीला टेकलेलं. पंक्चर शोधायला हवा भरून पाण्यात बुडवलं तर एक बुडबुडा नाही. नुसतीच हवा गेलेली, रबरातून मुरून. भाऊजींनी चाक पाण्यातून काढून फडक्यानं पुसलं. मग म्हणाले, "सोड्याची हवा हाय. ढेकर देऊन गेली."

त्यावर आम्ही आठ दिवस हसलो. ते हसले नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढे एका दुपारी माझा धीर सुटला. ताप नुकताच उतरलेला, पोर किरकिर करत होती, पाण्याचे डबे मी एकटीनं वाहिलेले. आणि दारात भाऊजी वाकलेले, काखेत पंप. कुठल्या तरी मोटारवाल्याकडून मागून आणलेला, लोखंडी, पायानं दाबायचा, चांगला जड. सोबत दुसराही, हाताचा. म्हणाले, "पायाचा भारी हाय, तो राहू द्या. हाताचा मारून पाहा."

मी म्हटलं, "भाऊजी, मी काय तुमच्या पंपांची मास्तरीण हाय? माह्या अंगात जीव नाही आन् तुमी मले हवा माराले लावून राहिले. तुमाले एवढे खांदे देवानं कायले देले?"

त्यांनी दोन्ही पंप उचलले आणि गेले. आठ दिवस फिरकले नाहीत. आमच्या ह्यांच्या मागच्या चाकातली हवा उतरली, तरी कोणी सांगायला आलं नाही. सुटले एकदाची, असं मी म्हटलं खरं, पण पाळी सुटायच्या वेळेला कान दाराकडे जायचा.

नवव्या दिवशी आले. वाकले नाहीत. सायकलीकडे पाहिलंसुद्धा नाही. हातात पंप नव्हता, एक कार्ड होतं.

"वहिनी, तुमाले वाचता येते ना?"

येत होतं. शाळेत मी गेले नाही. भावाच्या पाटीवरून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले तेवढं. भाऊजींना अक्षर येत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाले, "टोळीतला एक जण वाचून देत होता. मागच्या खेपेला तो वाचता वाचता हासला. आता त्याच्याकडं नाही जात."

पत्र त्यांच्या धाकट्या बहिणीचं होतं. सुमित्रा तिचं नाव. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी गोठ्यात झोपायला लावलं. भाऊजी तिला घेऊन आले आणि भावकीचा विरोध पत्करून दाईच्या शिक्षणाला घातलं. ती आता उतईला सरकारी दाई होती. आजूबाजूच्या खेड्यांत बाळंतपणं करायला तिला सायकल दिलेली होती. विधवा बाई सायकलवर. हसणारा कशाला हसला, ते मला समजलं.

पत्रात असं होतं: दादा, या महिन्यात तिसऱ्यांदा सायकल ढकलत गेले. पंक्चर काढता येतं, मी शिकले. पण हवा भरायला माझा हात पुरत नाही. पोहोचले तेव्हा मूल होऊन गेलं होतं, बाईचं अंग थंड पडत होतं. वाचली, पण तिची सासू मला नाही नाही ते बोलली. रस्त्यात पुरुष हवा मारून देतात. मग दुसऱ्या दिवशी तेच लोक दारात येऊन उभे राहतात, काल हवा मारून दिली म्हणतात. मला आता कोणाला हवा मारून द्या म्हणायचं नाही. आमच्या साहेबांनी विचारलं, सायकल जमत नसेल तर तसं लिहून दे. या महिन्याअखेर काही झालं नाही तर लिहून देते आणि सासरी जाते.

मी वाचून थांबले. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"सासरी गेली तं ते जगत नाही, वहिनी," ते म्हणाले. "तिचा हात तुमच्यासारखा हाय. असाच बारीक. म्हून तुमाले तरास देला."

मी आपली पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतली. मग म्हटलं, "पायाचा पंप कुठं हाय?"

"तो भारी हाय. लेडीजले कसा झेपन?"

"आणा तर."

आणला. मी पोर त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तुळई धरावी तशी धरली. मी साडी जरा वर खोचली आणि पाय ठेवून दाबला. एकदा, दोनदा, आणि पायाला ओळख पटली. लहानपणी माहेरी पहाटेपासून ढेकीवर उभी राहून धान कांडलेलं. ढेकीच्या लाकडावर एक पाय दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, अंगाचा भार आपोआप खाली जातो, दंडाला काही कळतच नाही. तसंच हे. भाऊजी मोजायचे विसरले. मी थांबले तेव्हा चाक भरलेलं होतं आणि मला फक्त घाम आलेला होता.

"भाऊजी," मी म्हटलं, "सुमित्रा ढेकीवर कांडत होती का?"

"वारे. साऱ्या घराचं धान तेच कांडे."

"मंग तिच्या हातात जोर कायले पाहून राहिले? सारी उमर बाईचा जोर पायात गेला. तुमी खलाशी, तुमाले खांदेच दिसते."

त्यांनी मग अंगठ्यानं चाक दाबलं, पुन्हा दाबलं. "वजनाचं काय करू?" असं स्वतःलाच विचारलं आणि पोरीला घेऊनच निघाले होते, मी थांबवलं.

पुढचे चार दिवस त्यांच्या अंगणातून कानस घासल्याचा आवाज येत होता. मोटारवाल्याला त्यांनी काय सांगून पंप आपला करून घेतला, कोण जाणे. खालची जाड लोखंडी बैठक काढून त्यांनी सागाची फळी बसवली. जुन्या ट्यूबचे पट्टे कापून कॅरियरला बांधायची सोय केली. सुट्टीच्या दिवशी तो घेऊन स्वतः उतईला गेले. परत आल्यावर मी विचारलं, "जमलं का?" तर म्हणाले, "पाहू." महिनाअखेर आली, गेली. कार्ड आलं नाही. भाऊजी रोज यायचे, वाकायचे, चाकं दाबायचे, पण मोजायला काही नसल्यासारखे हात लोंबत ठेवून बसायचे. मीही पोस्टमनची वाट बघायला लागले. दमलेल्या माणसाला आणखी एक काळजी लागली की थकवा वाढतो असं नाही बरं का, त्याला निदान कारण मिळतं.

दिवाळीच्या आधीच्या एका दुपारी दारात सायकलची घंटी वाजली. बाहेर एक बारीकशी बाई. पांढरं लुगडं मुरमाच्या धुळीनं गुडघ्यापर्यंत लाल झालेलं, पुढे औषधाची पिशवी, मागे ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेला पंप.

"तुमीच का वहिनी? दादाचं दार बंद हाय."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती दोन तांबे प्यायली. म्हणाली, "बोरसीपाशी हवा उतरली होती. मी थांबून मारत होती, तं दोन माणसं आली. म्हणे, आण बाई, आमी मारून देतो. म्हटलं, जा बापा, आपली वाट धरा." ती हसली, आणि हसताना थेट भाऊजींसारखी मान वाकडी केली. "लिहून नाही देलं मी. म्हटलं, कार्ड कायले टाकू, जाऊनच सांगतो."

पहिली पाळी सुटली होती. भाऊजी डोक्याला फडकं बांधून गल्लीत वळले. त्यांना दारातली सायकल दिसली, मग उंबऱ्यात आलेली सुमित्रा दिसली. मला वाटलं धावत येतील. ते आले आपल्या चालीनं, आमच्याकडे न बघता सायकलीपाशी वाकले आणि मागच्या चाकावर अंगठा ठेवला. मग पुढच्या. मग परत मागच्या.

"दादा," ती म्हणाली, "गोष्ट कर ना आता."

"थांब," ते म्हणाले. वर बघितलं नाही. "पहिले हवा."

तसेच वाकून राहिले, फडक्यानं तोंड पुसत. चाक बघायला एवढा वेळ लागत नाही. आणि ते चाक टणकच होतं. ती पाणी पीत होती तेव्हा मी बाहेर जाऊन अंगठा दाबून पाहिला होता.