रिकामं वजन आधी

वसंततात्यांच्या घरात माणूस चपला काढून सरळ आत जाऊ शकतो. सॉफ्टवेअरला मात्र उंबऱ्याबाहेर थांबावं लागतं. त्याची चौकशी होते, झडती होते, आणि मग तात्या खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "घ्या काट्यावर. रिकामं वजन आधी!"

मी तेलगावच्या शाळेत मास्तर आणि तात्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. तात्यांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी भरलेली तोलायची, खाली करून आली की रिकामी तोलायची आणि मधला फरक तो ऊस. या कामात माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो. मोळीत दगड घालणारे, गाडी काट्यावर असताना हळूच एक पाय टेकवून उभे राहणारे, असे नाना नमुने त्यांनी पाहिलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि तो सगळा संशय त्या बिचाऱ्या यंत्राकडे वळवला.

पद्धत अशी. कोणताही प्रोग्राम बसवायच्या आधी कॉम्प्युटरमध्ये किती जागा मोकळी आहे ते भिंतीवर खडूनं लिहायचं. (खडू माझ्या शाळेतले.) मग प्रोग्राम बसवायचा, पुन्हा लिहायचं. मग तो काढून टाकायचा आणि तिसऱ्यांदा लिहायचं. पहिला आणि तिसरा आकडा जुळला नाही की तात्या खडू आपटत.

"बगा सर! गेला म्हणतोय, पण मागं वाळला पाला, पाचट ठिवून गेला. असल्याला पुन्यांदा दारात उभं करायचं न्हाई."

मी एकदा म्हटलं, "तात्या, कारखान्यात तर आधी भरलेली गाडी तोलतात. तुम्ही इथं रिकामं आधी का?"

"तिथं डायवर समोर उभा ऱ्हातो. पळून कुठं जाईल? हितला डायवर कुणी बगितलाय?"

मी चहा संपवला.

एकदा मला एका अर्जासाठी फोटो लहान करायचा होता. मोबाईलवर एक फुकटचं अ‍ॅप सापडलं. तात्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि अ‍ॅपनं मागितलेल्या परवानग्या मोठ्यानं वाचल्या. "फोटो बारीक करायचाय ना? मग याला तुमच्या सासऱ्याचा नंबर कावून लागतोय? तुमी कुठं जाता, कुठून येता, हे कावून पायजे? आन फुकट काम करतो म्हणतोय, मग याचं पोट कशावर चालतं?" शेवटी फोटो त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांनी पास केलेल्या एका जुनाट प्रोग्रामनं लहान झाला. त्यात माझा चेहरा ओळखू येत नव्हता, पण तात्यांच्या मते तो प्रामाणिक होता.

बॅटरी वाचवणारं एक अ‍ॅप त्यांनी दिवसभर चालवून पाहिलं. सगळ्यात जास्त बॅटरी तेच खात होतं. "राखणदारच फडात शिरून ऊस खायलाय!" असं म्हणत त्यांनी ते काढलं. आमच्या शाळेत नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तर तात्या स्वतःहून पेनड्राइव्ह घेऊन आले. कॉम्प्युटरचे आजार शोधणारा एक प्रोग्राम त्यांना तपासायचा होता. अजून प्लास्टिकही न निघालेल्या त्या यंत्रात प्रोग्रामला ढीगभर आजार सापडले, आणि औषधाचे पैसे भरा म्हणून तो अडून बसला. तात्या इतके खूश झाले की त्यांनी हेडमास्तरांना हात धरून आणून दाखवलं. "आजच पेटीतून भाईर आलाय, आन आजच याला एवढी दुखणी! हा डाक्टर न्हाई सर, भामटा हाय!"

शेवटची परीक्षा निरोपाची. प्रोग्राम काढताना तो 'कशाला जाऊ', 'थांबू का', 'पुन्हा विचार करा' असं करू लागला की नापास. "चांगला पाव्हणा जा म्हणलं की पिशवी उचलतो. हा बगा कसा खांब धरून बसलाय!"

हसून हसून पोट दुखायचं. आता तो खडू, ते आकडे आठवले की हसू येत नाही.

शांताकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, दोन-तीन वर्षांपूर्वी गेल्या. गळीत हंगामात तात्या कामावर असले की काकू मोबाईलवर बोलून निरोप पाठवायच्या. "येताना गवारी आणा. कवळी बगून आणा, मागच्यासारखी दोऱ्याची नको." "गॅस संपलाय, लवकर या." असे कितीतरी. नोकरी सुटली, कॉम्प्युटर आला, तेव्हा तात्यांनी दोघांचे मोबाईल रिकामे करून त्यातले ते सगळे निरोप कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवले. कशाला, असं मी काकूंच्या समोरच विचारलं होतं. "पुरावा आसू द्यावा. उद्या म्हणली, गवारी न्हाई, भेंडी सांगितलती, तर?" काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

त्या गेल्यावर तात्यांनी ते निरोप एकदाही उघडले नाहीत. ऐकायची छाती होत नव्हती. "हायत ना तिथं? मग आसू द्या की," एवढंच म्हणायचे.

गेल्या वर्षी कॉम्प्युटर फारच रेंगाळू लागला, म्हणून तात्यांनी साफसफाई करणारा प्रोग्राम शोधायला घेतला. एकामागून एक नापास झाले. शेवटी एक सापडला. तो परवानग्या मागत नव्हता, खोटे आजार सांगत नव्हता, पाचट ठेवत नव्हता. काढायला गेलं तर निमूट जात होता. "सर, ह्यो खरा माणूस हाय," म्हणत तात्यांनी मला पेढा दिला. मग तो प्रोग्राम कामाला लावला. त्यानं पुष्कळ दिवसांत कुणी न उघडलेल्या फायलींची लांबलचक यादी दाखवली. काढू का, म्हणून विचारलं. परत येणार नाहीत, नक्की काढू का, म्हणून दुसऱ्यांदा विचारलं. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच न वाचता 'हो' म्हटलं.

काकूंचे सगळे निरोप त्या यादीत होते. उघडलेच नव्हते, म्हणून.

त्या प्रोग्रामला काय दोष द्यायचा? तो तर विचारून घेऊन गेला.

गेलेल्या फायली परत आणणारेही प्रोग्राम असतात, हे कळल्यावर तात्यांच्या जिवात जीव आला. पण घाई करतील तर ते तात्या कसले! मी म्हटलं, बसवा एखादा आणि बघा. तर माझ्यावरच डाफरले. "तिचा आवाज कोणाच्याबी हातात देऊ का? कोण कुठला, काय करील त्या आवाजाचं?" मग भिंत पुन्हा खडूनं भरू लागली. एक बसवायचा, तोलायचा, काढायचा. मग दुसरा. परत आणण्याच्या कामाला एकालाही लावलं नाही, कारण मनासारखा खरा माणूस सापडेना. असे दोन महिने गेले. शेवटी मीच कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळला आणि तात्यांना घेऊन बीडला अझहरच्या दुकानात गेलो. असल्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही.

अझहरनं सगळं ऐकून घेतलं. "चाचा, फाईल काढली की लगेच पुसली जात न्हाई. फकस्त ती जागा मोकळी हाय म्हणून नोंद व्हती. दुसरं कायी येऊन तिथं बसंपर्यंत जुनं तसंच आसतं. त्यानंतर तुमी यात कायी टाकलं तर न्हाई ना?"

"टाकलं की!" तात्या अभिमानानं म्हणाले. "आवाज परत आणणारे जितके मिळाले, तितके सगळे ह्याच्यावर तोलले. एकेक करून."

अझहरनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं चहा मागवला. काम करून बघतो, संध्याकाळी या, म्हणाला. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. पैसेही घेतले नाहीत.

परतीच्या बसमध्ये कॉम्प्युटर तात्यांच्या मांडीवर होता. चार गावं मागे पडली तेव्हा ते म्हणाले, "सर, काट्यावरून कितीबी गाड्या जाऊ द्या, काटा हाय तसाच ऱ्हातो. मला वाटलं, हेबी तसंच आसंल." मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. कुणावर, ते अजून कळलेलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस तात्या आमच्याकडे फिरकले नाहीत. एका रविवारी दुपारी मीच गेलो. भिंत पुसलेली होती. कॉम्प्युटर कोपऱ्यात, वायर गुंडाळून ठेवलेला.

"बसा," तात्या म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सर, तुमी तिचा आवाज ऐकलता ना? भिंतीपलीकडून रोज?"

"ऐकलाय की."

"मला ती दिसती, पण ऐकू येईना झालीय." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मला बोलवायची तवा कशी म्हणायची? म्हणून दावा बरं."

मी मिशीवाला मास्तर, मुलं मला घाबरतात. पण तात्यांच्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणवेना. तात्या आमच्या ओट्यावर गप्पांत रंगले की काकू भिंतीशी येऊन हाक मारायच्या. मी घसा खाकरून म्हटलं, "ओ सर, आमचं माणूस तिकडंच हाय का? भाकर निवायली म्हणावं."

तात्यांनी डोळे मिटले होते. "न्हाई. जरा बसका हुता. आन 'भाकर'वर वर चढायचा."

मी पुन्हा म्हटलं.

"जवळ आलं. आनखी एकदा."

या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं, आवाज बसका केला आणि म्हटलं, "ओ सर, आमचं माणूस तिकडंच हाय का? भाकर निवायली म्हणावं."

"आलो, आलो," म्हणत तात्या खुर्चीतून उठले. दारापर्यंत गेले आणि चौकटीला हात लावून तिथंच उभे राहिले.