सुमनअक्कांची कादंबरी अडली

आमच्या सुमनअक्का एक भुवई कोरून झाली की दातात धरलेला दोरा सोडतात आणि गोष्ट सांगायला लागतात. दुसरी भुवई गोष्ट झाल्यावर. मी शाळेत शिकवते; परवा उशीर झाला म्हणून एकाच कोरलेल्या भुवईनं पालकसभेला गेले. सगळ्या पालकांना वाटलं, बाई आपल्याकडे संशयानं बघतायत. एकानंही तक्रार केली नाही, ते सोडा!

जळगावात आमच्या शेजारीच अक्कांचं पार्लर. पार्लर म्हणजे घराची पुढची खोली, एक फिरती खुर्ची आणि गरम हवा फेकणारा कूलर. तिथं अक्का कादंबरी रचतायत. लिहीत नाहीत हो, गिऱ्हाइकांना सांगतात. विज्ञानकथा, तीही थरारक!

"पुढला जमानामा एक कंपनी शे, माय," त्या सुरू करतात. "बठ्ठा आरसास्मा कॅमेरा!"

म्हणजे सगळ्याच आरशांत कॅमेरे. आरसा चेहऱ्याला गुण देतो. नापास झालात की क्रीमची जाहिरात सुरू, आणि क्रीम घेईपर्यंत कुठलंच दार उघडत नाही. एका लग्नात नवरीच मांडवाबाहेर अडकली. आत नवरदेव हार घेऊन ताटकळतोय, वरण-बट्टी गार होतेय आणि दार म्हणतंय, "गाल कमी पडतात."

"मग?"

"मग काय! नवरीना मामानी कॅमेरालेच पावडर फासी दिन्ही!"

आता शेवटचं प्रकरण. कंपनीनं सगळ्या पोरींना एकच सुंदर चेहरा दिलाय. धरणगावची एक आई आपली लेक शोधायला आत घुसते. चुकीचा हात धरला, तर खरी लेक कायमची कंपनीची. ओळखायचं कशावरून? इथं अक्का कित्येक महिने अडकल्यात. त्यांची लेक ज्योती पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत आहे. फोनवर रोज दिसते, पण गेल्या दिवाळीलाही घरी आली नाही. कादंबरीतली लेक कोण, हे आम्हाला कळत होतं. बोलणार कोण?

आम्ही गिऱ्हाइकं आपले उपाय सुचवत होतो. शबानाभाभी म्हणाली, तीळ बघा. "तीळ कंपनीनी पुसी टाका," म्हणत अक्कांनी तो पुसलासुद्धा. पाचोऱ्याची एक नवरी म्हणाली, सगळ्यांना शेवभाजी वाढा, जी न रडता खाईल ती आपली! अक्का आठवडाभर खूश होत्या. मग तेही बाद केलं.

मी वैतागून म्हटलं, "अहो, मग सगळ्याच पोरी घरी आणा!"

"इतल्या भुवया कोन करी?"

काल मी खुर्चीत असतानाच ज्योतीचा व्हिडिओ कॉल आला. गुळगुळीत गाल, टपोरे डोळे, गुलाबी ओठ.

"जेवनी का?"

"हो गं आई. सगळं मस्त."

अक्का फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते काढ ना, बेटा."

"काय काढू?"

"ते तोंडवरनं. माले तू दिसत नही."

"फिल्टर आहे गं, आपोआप लागतो." ज्योती हसली, आणि मग तिनं तो काढला.

डोळ्यांखाली काळं, हनुवटीवर पुटकुळ्या, पापण्या सुजलेल्या. पोर नुकतीच रडलेली होती.

अक्कांनी पदरानं फोनची काच पुसली, पुन्हा पुसली. "मी येस पुणाले," त्या म्हणाल्या. "तू काही बोलू नको."

मला वाटलं, ज्योती आता सुट्टी नाही, काम आहे, असं काहीतरी सांगेल. तिनं नाक वर ओढलं आणि विचारलं, "कधी येशील?"