वरून हिरवं

मगाला गाय चौथ्या दिवशीही आपली आपण उठली नाही. कबालेने शिंगं धरली, शेजारच्या दार्मीने शेपूट धरलं आणि दोघींनी तिला कशीबशी उभी केली. कबालेच्या गोठणीत ही एवढीच उरली होती. तेवढ्यात चारा कार्यालयाचा हलकानो मोटरसायकलवरून उतरला.

"अभिनंदन, मावशी! आपल्या नदीकाठच्या मलकात दुष्काळ नाही."

"कोण म्हणतं?"

"उपग्रह." त्याने मोबाइल पुढे केला. "नदीकाठ बघा, हिरवागार! लाल दिसला असता तर चाऱ्याचा ट्रक आपोआप निघाला असता."

कबालेने काठाकडे पाहिलं. हिरवं होतं खरं; सगळी मथेंगे, म्हणजे वेडी बाभूळ. तिने गवताची काडी शिल्लक ठेवली नव्हती.

"अरे मेल्या, हिचा पाला गुरं हुंगत नाहीत. शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडले. तुझ्या उपग्रहाला खाली बोलाव आणि चार फांद्या चावायला दे!"

"तो फक्त रंग बघतो, मावशी."

"आणि तू? तुझे डोळेही वर नेऊन बसवलेत का?"

हलकानो जवळच्याच वस्तीचा. मगालाच्या बरगड्या पाहून त्याची मान खाली गेली. "माझे डोळे कार्यालय हिशेबात धरत नाही."

"हिरवं नडतंय ना? मग ठेवतच नाही!" कबालेने कोयता उचलला.

दुसऱ्या दिवशी सोळा बायका काठावर होत्या. पाच दिवस त्या तोडत होत्या. हात काट्यांनी सोलून निघाले, दार्मीचा तळवा सुजला, पण काठ उघडा पडला. सहाव्या दिवशी खरंच ट्रक आला. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. वस्तीतली गुरंही ट्रकभोवती गोळा झाली. मगालाला दोघींनी आधार देऊन आणलं.

हलकानोने ताडपत्री ओढली. आत काळ्या पिशव्यांत सुबाभळीची दोन हजार रोपं होती.

"चारा कुठाय?" कबाले ओरडली.

"मावशी, नकाशा लाल झाला, पण संगणकाला वाटलं जंगलतोड झाली. जंगलतोडीला रोपं येतात."

"तीन महिने गाय खंगताना दिसली नाही, आणि पाच दिवस कोयता चालला तो बरोबर दिसला?"

ड्रायव्हरने फळी पाडली. रोपं उतरवून होतात न होतात तोच मगालाने मान लांब केली आणि पहिलं रोप शेंड्यापासून बुडापर्यंत ओरपलं. कबालेचा हात हाकलायला वर गेला आणि तसाच खाली आला. मग बाकीची गुरं कोण आवरणार?

दुपारपर्यंत नुसत्या पिशव्या उरल्या.

हलकानो कपाळाला हात लावून अर्ज भरायला बसला. "पोचली दोन हजार. लावली..." तो थबकला. "मावशी, इथे विचारलंय, जगली किती? काय लिहू?"

मगाला रवंथ करत होती. कोणी हात न लावता ती उठली आणि आणखी पाला शोधत निघाली.

"लिही," कबाले म्हणाली, "एक गाय."